वर्षानुवर्षं उभ्या गाडीचा ब्रेक बूस्टर

जुन्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल उघडलं की ब्रेकच्या प्रकरणाच्या शेवटी एक तक्ता सापडतो. डावीकडे तक्रार, उजवीकडे कारण. पेडल कडक लागत असेल तर व्हॅक्यूमची नळी तपासा. ब्रेक सुटत नसेल तर पुशरॉडची लांबी पाहा. पेडल खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचे रबर बदला. तक्त्यात चूक काही नाही. फक्त तो ज्या गाडीसाठी लिहिला गेला ती कालपर्यंत रस्त्यावर होती. तिचा एक भाग बिघडला आणि बाकीचे शाबूत आहेत, असं त्यात धरलेलं असतं. शेडमध्ये किंवा इमारतीच्या मागच्या बोळात वीस-पंचवीस वर्षं ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या गाडीचा हिशेब निराळा. तिच्यात चार-पाच बिघाड एकदम असतात आणि ते एकमेकांना झाकतात. मागच्या चाकांचे सिलिंडर गंजून आवळलेले असले तर पेडल उंच आणि कडक लागतं आणि खापर बूस्टरवर फुटतं. बूस्टर उतरवला, उघडला, किट टाकून परत बसवला, तरी पेडल तसंच राहतं. मग दुसरा बूस्टर शोधायची धावपळ सुरू होते.

ही पुस्तिका त्या उभ्या गाडीसाठी आहे. चालत्या गाडीच्या पॉवर ब्रेकवर परदेशात भरपूर लिहिलं गेलंय आणि मूळ मॅन्युअलंही आता मिळतात. थांबून राहिल्याने जे बिघडतं त्याची संगती लावून लिहिलेलं मात्र फारसं सापडत नाही, आणि मराठीत तर नाहीच म्हटलं तरी चालेल. माझ्या मते बूस्टर धावण्याने जितका झिजतो त्याहून अधिक उभं राहण्याने जातो. झीज सगळीकडे सारखी होते आणि कळत कळत होते. उभ्या गाडीतली खराबी एकाच रेषेवर होते. सिलिंडरच्या भिंतीवर रबरी कपाचा ओठ वर्षानुवर्षं ज्या जागी टेकून राहिला, नेमकी तिथे ओल धरते, आणि गंजाची बारीक खाचांची एक कडी उमटते. कप त्या कडीवरून पहिल्यांदा सरकला की त्याचा ओठ कापला जातो. म्हणून शेडमधून काढलेल्या गाडीचा ब्रेक पहिल्या दिवशी ठीक लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जातो. 'काल तर उत्तम लागत होता' हे वाक्य या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे.

बूस्टर करतो काय, ते आधी पाहू. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो असतो. चालू पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये थ्रॉटल मिटलेला असताना हवा विरळ होते आणि गेजवर पाऱ्याचे १७ ते २१ इंच व्हॅक्यूम दिसतं. बूस्टरच्या डब्यात मधोमध एक डायफ्राम असतो. सर्वांत रूढ रचनेत पाय पेडलवर नसताना त्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम असतं, म्हणून तो हलत नाही. पेडल दाबताच एक झडप दोन्ही बाजूंमधली वाट बंद करते आणि पाठोपाठ दुसरी झडप मागच्या बाजूला बाहेरची हवा आत घेते. आता डायफ्राम पुढे ढकलला जातो. १० इंच व्यासाच्या डायफ्रामचं क्षेत्रफळ पाचशे चौरस सेंटीमीटरच्या थोडं वर भरतं. २० इंच व्हॅक्यूमला त्यावर जवळजवळ साडेतीनशे किलोचा जोर येतो. आतली स्प्रिंग त्यातला थोडा खाते, बाकीचा मास्टर सिलिंडरला मिळतो. इंजिनाने जोर लावलेला नसतो. त्याने फक्त एका बाजूची हवा काढून घेतलेली असते, ढकलतं ते बाहेरचं वातावरण.

हे लक्षात घेतलं की घाटातली एक गोष्ट उलगडते. उंची हजार फुटांनी वाढली की गेजवरचं व्हॅक्यूम साधारण एक इंचाने उतरतं. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, म्हणजे साडेचार हजार फुटांच्या आसपास. मुंबईत २० इंच दाखवणारं इंजिन तिथे १६ च्या जवळपास दाखवेल आणि त्याच बूस्टरचा जोर साडेतीनशेवरून पावणेतीनशेच्या घरात येईल. बिघाड काहीच नसतो. उतारावर इंजिन बंद करून, गिअर काढून पेट्रोल वाचवायची जुनी खोड तर अशा गाडीत जीवघेणीच. डब्यात साठलेलं व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतं आणि पुढचा ब्रेक निव्वळ पायाच्या ताकदीवर लावावा लागतो. खंडाळ्याच्या घाटात मोठ्या अमेरिकन गाडीच्या ड्रम ब्रेकना आधीच दम लागलेला असतो, त्यात हे.

पायाला इंजिनाची मदत घ्यायची कल्पना विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकातली. हिस्पानो-सुइझाने १९१९ च्या एच-६ मॉडेलात मार्क बिरकिग्ट यांचा यांत्रिक सर्वो दिला. तो गिअरबॉक्सवरून फिरायचा आणि घर्षणाने ब्रेक ओढायचा. रोल्स-रॉइसने तोच मार्ग धरला आणि सिल्व्हर क्लाउडपर्यंत सोडला नाही. संस्थानिकांच्या काही रोल्स-रॉइस आजही भारतात आहेत. त्यांचा मालक 'बूस्टर कुठे आहे' असं विचारत बॉनेट उघडतो, तेव्हा त्याला गाडीखाली गिअरबॉक्सच्या बाजूला बघायला सांगावं लागतं. व्हॅक्यूमचा मार्ग बेल्जियमच्या आल्बेर द्वांद्र यांचा. बॉशने १९२७ मध्ये त्यावरचा सर्वो ब्रेक बाजारात आणला, आणि १९२८ मध्ये अमेरिकेत पिअर्स-अ‍ॅरोवर व्हॅक्यूमची मदत घेणारे ब्रेक आले. लोकांच्या पायाखाली ही सोय यायला मात्र दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं जावी लागली.

आपल्याकडे ही युनिटं फार उशिरा आणि वळणावळणाने आली. जनरल मोटर्सचा शिवडीचा जोडणी कारखाना १९२८ पासून चालला आणि १९५४ मध्ये बंद झाला. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज, प्लिमथ, डीसोटो जोडल्या जात. या कारखान्यांतून निघालेल्या बहुतेक गाड्यांचे ब्रेक साधे हायड्रॉलिक होते. बूस्टर आले ते मुख्यतः परदेशातून तयार आलेल्या गाड्यांबरोबर. त्यांत वकिलातींच्या आणि परदेशी कंपन्यांच्या साहेबांच्या गाड्या होत्या, साठच्या दशकातल्या इम्पाला होत्या, मर्सिडीज होत्या, जॅग्वार होत्या. त्यामुळे आपल्या जुन्या मिस्त्र्यांच्या हाताखालून इंजिनं, गिअरबॉक्स, डिफरन्शियल शेकड्यांनी गेले, बूस्टर मोजकेच. तो न उघडता बाजूला काढून ठेवायचा आणि नळ्या थेट जोडायच्या, हा उपाय इतका रुळला की आज शेडमधून निघणाऱ्या अनेक गाड्यांत बूस्टर डिकीत सापडतो. तो टाकून दिला नाही याबद्दल त्या मिस्त्र्यांचे उपकारच मानायला हवेत.

कोणत्याही युनिटचं घराणं ओळखल्याशिवाय पाना हाती घेऊ नये. ढोबळमानाने ती तीन. पहिल्यात डबा फायरवॉलवर, पेडल आणि मास्टर सिलिंडरच्या मधोमध असतो. आजच्या गाड्यांतही हेच असतं. दुसऱ्यात डबा दूर कुठेतरी, मडगार्डच्या आत नाहीतर चॅसीवर असतो. पेडलशी त्याचा सांधा फक्त तेलाच्या नळीचा. मास्टर सिलिंडरचं तेल त्याच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये येतं, त्याच दाबाने हवेची झडप उघडते आणि वाढलेल्या दाबाने तेल चाकांकडे जातं. बेंडिक्सचा हायड्रोव्हॅक या घराण्यातला, तसेच ब्रिटिश गाड्यांवरचे गर्लिंग आणि लॉकहीडचे सर्वो. मडगार्डमधल्या सर्वोवर पावसाळ्यात चाकाचा चिखल उडतो आणि त्याचा पत्रा खालून कुजतो. वरून रंग लावलेला असल्याने तो हाताने दाबून बघेपर्यंत शाबूत वाटतो.

तिसरं घराणं म्हणजे बेंडिक्सचं ट्रेडल-व्हॅक, आणि त्यावर या पुस्तिकेत सर्वांत जास्त पानं खर्च झाली आहेत. १९५२ साली पॅकार्डने 'ईझामॅटिक' या नावाने पॉवर ब्रेक आणले ते यावरचे. जाहिरातीचा भर पेडलच्या उंचीवर होता. ब्रेकचं पेडल अ‍ॅक्सिलरेटरच्या पातळीला उतरलं, टाच न उचलता पाय सरकवला की झालं. ती सोय खरीच होती. पण पेडलचा प्रवास इतका तोकडा झाला की आत थोडी जरी गळती झाली तरी सावध व्हायला जागा उरली नाही. नेहमीच्या मास्टर सिलिंडरमध्ये कप पिस्टनवर असतात आणि सिलिंडरच्या भिंतीला घासतात. ट्रेडल-व्हॅकमध्ये उलटं आहे. सील एका जागी बसलेले आणि त्यांच्यातून गुळगुळीत प्लंजर आत शिरतो. तो भिंतीला लागत नाही. जेवढा आत जाईल तेवढं तेल तो पुढे सारतो. म्हणजे सिलिंडरची भिंत कशीही असली तरी चालेल, पण प्लंजरचा पृष्ठभाग आरशासारखा हवा. गाडी वीस वर्षं उभी राहिली की ओल नेमकी प्लंजरच्या त्या पट्ट्यावर काम करते जो सीलच्या ओठाखाली आहे. टोकाला एक छोटी झडपही आहे. प्लंजर पूर्ण मागे आला की ती उघडते आणि चाकांचं तेल टाकीशी जोडलं जातं. प्लंजर पुढे निघताच ती मिटायला हवी. तिच्यावर गंजाचा एक कण अडकला तर ती मिटत नाही, तेल चाकांऐवजी टाकीत परत जातं आणि पेडल जमिनीला टेकतं. सर्किट एकच असल्याने मग हँडब्रेकशिवाय काही उरत नाही. प्लंजरवर नखाला जाणवेल अशी एकही खाच असेल तर पॉलिश पेपर मारून तो परत वापरू नये. हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्यावा किंवा स्टेनलेसचा नवा बनवावा, आणि त्या छोट्या झडपेचा खर्च कधीही वाचवू नये.

या जुन्या युनिटांत डायफ्रामऐवजी पिस्टन असतो आणि त्याच्या कडेला कातड्याचं पॅकिंग. स्टोव्हच्या पंपाचं कातडी वायसर वाळलं की पंप हवा धरत नाही आणि तेलाचे दोन थेंब सोडले की पुन्हा धरतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं समजवायला नको. हायड्रोव्हॅकच्या सिलिंडरला ठरावीक मैलांनंतर तेल घालण्यासाठी एक प्लग असे. पुढच्या मालकांना तो कशासाठी आहे हेच माहीत नव्हतं आणि कातडं कोरडं पडत गेलं. पण सावध राहा. कातडं भिजवून व्हॅक्यूम धरायला लागलं म्हणून युनिट दुरुस्त झालं असं नाही. त्या डब्याच्या तळाशी वर्षानुवर्षं साठलेल्या पाण्याने पत्र्यावर काय केलंय ते उघडल्याशिवाय दिसत नाही.

पाणी येतं कुठून हा प्रश्न रास्त आहे. एक वाट ब्रेक ऑइलची. नेहमीचं ऑइल ग्लायकॉलच्या जातीचं असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, ओल शोषलेलं १४० पर्यंत खाली येऊ शकतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. चालत्या गाडीत याचा अर्थ घाटात ब्रेक नरम पडणं. उभ्या गाडीत तीच ओल सिलिंडरच्या तळाशी शांतपणे गंज चढवत बसते. दुसरी वाट हवेची. बूस्टरला हवा आत घ्यायला मागे नमद्याचा किंवा फोमचा फिल्टर असतो. कोकणपट्टीतल्या चार महिन्यांच्या दमट हवेत तो भिजतो आणि त्याचा भुगा होऊन झडपेवर पडतो. पुष्कळदा 'झडप गेली' म्हणतात तेव्हा गेलेला असतो तो फिल्टर.

गाड्या उभ्या राहण्यात कायद्याचाही हात आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. त्याबरोबर अशा गाड्या रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावायला मनाई झाली. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच त्यांनी रस्त्यावर यायचं. नोंदणी मिळाली हे चांगलंच झालं, याबद्दल दुमत नाही. पण ज्या गाड्या हौसेने उभ्या राहत होत्या त्या आता नियमानेही उभ्या राहणार. मालकाने निदान गॅरेजच्या आवारात आठवड्याला एकदा इंजिन सुरू करून पेडल दहा-बारा वेळा पूर्ण दाबावं. एकही नट न उघडता बूस्टरचं आयुष्य वाढवणारी एवढीच एक गोष्ट मला माहीत आहे.

आता निदान. मॅन्युअलचा तक्ता पेडलपासून सुरू होतो आणि चाकांकडे जातो. उभ्या गाडीत याच्या बरोबर उलट दिशेने जावं. आधी चारही चाकं उचलून हाताने फिरवायची. जे अडतं ते का अडतं हे ठरवायला एक साधी ओळ आहे. मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे नट दोन-तीन मिलिमीटर सैल करा. चाक मोकळं झालं तर दोष पुशरॉडच्या लांबीचा किंवा बूस्टर मागे न येण्याचा. झालं नाही तर त्या चाकाचा हवा काढायचा निपल उघडा. आता मोकळं झालं तर नळीत दाब अडकून राहिलाय. मास्टर सिलिंडरचं परतीचं बारीक भोक बुजलंय, नाहीतर रबरी होज आतून फुगलाय. होजचं हे सोंग फार फसवं असतं. बाहेरून काळाभोर, चकचकीत, आत मात्र वाट इतकी आवळलेली की तेल पायाच्या जोराने जातं आणि परत येत नाही. निपल उघडूनही चाक अडलेलंच राहिलं तर बिघाड त्या चाकातच आहे आणि बूस्टरचा त्याच्याशी काही संबंध नाही. ड्रम उघडताना आतली धूळ फुंकून उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसा.

चाकं मोकळी झाल्यावर तेलाचा नमुना. टाकीतलं थोडं ऑइल काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाका. ग्लायकॉलचं ऑइल पाण्यात मिसळतं. थर वेगळा राहिला तर कोणीतरी सिलिकॉन घातलंय किंवा, त्याहून वाईट, इंजिनाचं नाहीतर स्टीअरिंगचं खनिज तेल ओतलंय. खनिज तेलाने ब्रेकचं रबर फुगून लिबलिबीत होतं. तसं निघालं तर बूस्टरच काय, मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतचं एकूण एक रबर आणि होज बदलणं भाग आहे. इथे अर्धं काम करणारा माणूस सहा महिन्यांत पूर्ण काम दुसऱ्यांदा करतो.

मग इंजिन. बूस्टरला पुरवठा करणारं तेच, आणि तेही तितकीच वर्षं उभं होतं. अडकलेल्या रिंगा आणि नीट न बसणारे व्हॉल्व्ह असलेलं इंजिन १२ इंच व्हॅक्यूम देत असेल, गेजचा काटा थरथरत असेल, तर बूस्टर दुरुस्त करून काही होणार नाही. डिझेल गाड्यांत हा पुरवठा वेगळ्या पंपाचा असतो, कारण तिथे हवा अडवणारा थ्रॉटल नसतो. मर्सिडीजच्या डब्ल्यू-१२३ डिझेलमध्ये दरवाज्यांची कुलपं आणि इंजिन बंद करणंही व्हॅक्यूमवरच चालतं. किल्ली फिरवूनही इंजिन बंद होत नसेल तर व्हॅक्यूम कुठेतरी गळतंय हे ब्रेक न दाबताच कळतं.

एवढं झाल्यावर बूस्टरची पाळी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा म्हणजे साठा संपेल. पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे. सरकलं नाही तर व्हॅक्यूम पोचत नाहीये किंवा झडप उघडत नाहीये. नंतर इंजिन चालू असताना पेडल धरून इंजिन बंद करा. अर्धा मिनिट पेडल होतं तिथेच राहायला हवं. पाय वर ढकलला गेला तर गळती आहे. फुसफुस ऐकू येते ती नेमकी केव्हा, यालाही महत्त्व आहे. दाबतानाची क्षणभराची फुसफुस बूस्टरच्या श्वासाची, ती चालायचीच. पाय पेडलवर नसतानाही येत असेल तर हवेची झडप मिटत नाही. पेडल धरून ठेवलं असताना सतत येत राहिली आणि इंजिन अडखळलं तर डायफ्राम फाटलाय. ब्रेक आपोआप धरून राहत असतील तर व्हॅक्यूमची नळी काढून बघा. तेवढ्याने सुटले तर झडप उघडी अडकली आहे. शेवटी नळीच्या आत बोट घालून बघा. ओलं लागलं तर मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरचा सील तेल आत सोडतोय आणि इंजिन ते पितंय. टाकीतलं तेल उतरतंय पण जमिनीवर थेंब नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, आणि मालक हेड गॅस्केटचा खर्च करून बसलाय, हे त्रांगडं नवं नाही.

एवढ्या तपासणीनंतर निम्म्याहून अधिक वेळा तरी बूस्टर उघडावाच लागतो, हेही खरं. उघडताना पहिली भीती स्प्रिंगची. डब्याचे दोन अर्धे फिरवून किंवा पट्ट्याने अडकवलेले असतात आणि आत दाबलेली दणकट स्प्रिंग असते. दोन बोल्टांत धरून हळूहळू सैल करायची सोय केल्याशिवाय ते फिरवू नयेत. सोयीचं चित्र पुस्तिकेत आहे, कोणताही लेथवाला ती अर्ध्या दिवसात बनवून देईल. दुसरी भीती एका छोट्या, जाड रबरी चकतीची, जिला रिअ‍ॅक्शन डिस्क म्हणतात. पायाला ब्रेकचा अंदाज देण्याचं काम ती करते. पुढचा दाब थोडासा मागे पेडलपर्यंत पोचवते, म्हणून आपल्याला किती दाबायचं ते कळतं. पुशरॉड बाहेर ओढताना ती सुटून डब्यात पडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. जोडणी पूर्ण होते, गळती नाही, गेज उत्तम. रस्त्यावर मात्र पेडलला पाय लावताच चारही चाकं करकचून धरतात. जोडणीनंतर असं झालं तर झडपेवर संशय घेऊ नका, चकती शोधा. पुशरॉडची लांबी तिच्या खालोखाल. मास्टर सिलिंडरच्या पिस्टनशी तिने एक मिलिमीटरच्या आतली फट ठेवावी. फट अजिबात नसेल तर परतीचं भोक झाकलेलं राहतं, गाडी गरम होत जाते तसे ब्रेक आपोआप घट्ट होत जातात आणि पाच-सहा किलोमीटरवर गाडी जागच्या जागी थांबते.

सिलिंडरला होनिंग करून पुढे जाण्याची सवय मला मान्य नाही. हलका डाग निघत असेल तर ठीक. खाच निघेपर्यंत घासलं तर भोक मोठं होतं आणि नवा कपही दाब धरत नाही. त्यापेक्षा पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह टाकून मूळ मापावर आणावं. रबरी किटांबद्दल एवढंच, की चाळीस वर्षं डब्यात पडून राहिलेलं ओरिजिनल किट म्हणजे चाळीस वर्षं जुनं रबर. त्याच्या डब्याला संग्रहात किंमत आहे, ब्रेकमध्ये नाही. आणि खाच पडलेल्या प्लंजरवर घातलेलं नवं किट म्हणजे नव्या रबराचा नास.

सिलिकॉनच्या डॉट ५ ऑइलवर मतं टोकाची आहेत. ते ओल शोषत नाही आणि रंग खराब करत नाही, म्हणून उभ्या गाड्यांच्या मालकांना ते भुरळ घालतं. पण आत शिरलेलं पाणी त्यात मिसळत नाही, थेंब होऊन सर्वांत खालच्या जागी बसतं आणि तिथेच गंज धरतो. सगळं रबर नवं आणि सगळ्या नळ्या कोरड्या असतील तरच घाला, जुन्यात मिसळू तर अजिबात नका. मी स्वतः डॉट ४ वापरतो आणि दर दोन वर्षांनी ते बदलतो.

मूळपणाचा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकन गाड्यांत दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर १९६७ च्या मॉडेलांपासून सगळीकडे आला. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत एक नळी फुटली की चारही ब्रेक जात. प्रदर्शनात उभी राहणारी, ट्रेलरवरून येणारी गाडी जशी होती तशी ठेवावी. घाट उतरणारी, मुलाबाळांना घेऊन रॅलीत जाणारी गाडी दोन सर्किटांची करून घ्यावी, आणि मूळ युनिट तेल लावून, गुंडाळून, पेटीत जपून ठेवावं. यावर संग्राहक माझ्याशी भांडतात आणि भांडत राहतील. परीक्षक गुण कापतात हेही मला माहीत आहे.

सिट्रोएन डीएस किंवा रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोसारख्या गाड्या या पुस्तिकेत नाहीत. त्यांच्यात पंपाने वाढवलेला तेलाचा दाब काम करतो, व्हॅक्यूम नाही. त्यांची तेलं वेगळी, त्यांचे धोकेही वेगळे. ट्रकांचे एअर ब्रेकही सोडून दिले आहेत.

मापं देताना व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांतच ठेवलं, कारण आपल्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गेजवर तीच पट्टी असते. लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये आहे, पण अमेरिकन आणि ब्रिटिश गाड्यांचे आटे इंचाचे, तेव्हा जवळचा मिलिमीटरचा बोल्ट पिळून बसवू नका. नट किती आवळायचे याचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत, ते ज्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत. प्रकरणांचा क्रम निदानाच्या क्रमानेच लावला आहे. पहिलं चाकांचं, दुसरं तेल आणि नळ्यांचं, तिसरं इंजिनाच्या व्हॅक्यूमचं. बूस्टर चौथ्या प्रकरणात येतो.